हाडं ठिसूळ असताना मणक्याचं ऑपरेशन: निर्णयाआधी काय काय तपासून घ्यायचं

मणक्याचं ऑपरेशन सुचवलं गेलं की घरात एकच प्रश्न फिरायला लागतो: करायचं की नाही? ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असेल तर त्याच्याही आधी आणखी एक प्रश्न सुटायला हवा. ज्या हाडावर हे ऑपरेशन उभं राहणार आहे, त्या हाडात तेवढा दम आहे का?

सर्जनचं लक्ष दबलेल्या नसेकडे, सरकलेल्या मणक्याकडे, झिजलेल्या गादीकडे असतं. ठिसूळपणाचा उपचार दुसऱ्याच डॉक्टरांकडे चालू असतो, आणि कित्येकदा तर कुणाकडेच चालू नसतो. या दोन गोष्टींची सांगड रुग्णाला आणि घरच्यांनाच घालावी लागते. तातडीचे प्रसंग सोडले तर मणक्याच्या बहुतेक ऑपरेशनांना काही महिने थांबता येतं, आणि हे महिने नुसतं वाट बघण्यात न घालवता हाड सुधारण्यात घालवले तर ऑपरेशन टिकण्याची शक्यता वाढते. कधीकधी याच काळात दुखणं इतकं कमी होतं की ऑपरेशनची गरजच उरत नाही.

सगळ्यात आधी: थांबायला वेळ आहे का?

काही लक्षणं दिसली तर पुढचं काही वाचत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, गुप्तांगाभोवतीची आणि मांड्यांच्या आतली जागा बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, चालताना दोन्ही पाय लटपटणं. मज्जातंतूंवर मोठा दाब आल्याच्या या खुणा आहेत आणि इथे तासांचा हिशेब असतो. अशा वेळी हाड कसं आहे याचा विचार सर्जन ऑपरेशनच्या आखणीत करतात, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवत नाहीत.

दुसरा गट थोडा वेगळा. पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारी कळ, किंवा आधी कधी कॅन्सर झालेला असणं. मोडलेला मणका प्रत्येक वेळी ठिसूळपणामुळेच मोडलेला असतो असं नाही. जंतुसंसर्ग आणि गाठ या शक्यता आधी काढून टाकाव्या लागतात. यातलं काही असेल तर तपासण्या लगेच करून घ्या.

यातलं काहीच नसेल, तर तुमच्याकडे वेळ आहे.

दुखतंय नेमकं कशाने?

कमी झालेली घनता स्वतःहून दुखत नाही. दुखतं ते मोडलेलं हाड, दबलेली नस, झिजलेले सांधे, किंवा पाठीला बाक आल्यामुळे दिवसभर ताणले जाणारे स्नायू. त्यामुळे ‘हाडं ठिसूळ झालीत म्हणून पाठ दुखते’ या उत्तरावर समाधान मानू नका.

मणका दबून मोडला असेल तर वेदना सहसा अचानक सुरू होते: वाकून काही उचलताना, घसरून बसल्यावर, कधी नुसती शिंक आल्यावर. उठताना, कूस बदलताना, उभं राहताना कळ येते आणि आडवं झालं की बरं वाटतं. पण असे कितीतरी मणके गाजावाजा न करता दबतात आणि वर्षांनंतर दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत दिसतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटरहून जास्त उंची घटली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढून बघायलाच हवा.

नस दबल्याचं दुखणं पायात उतरतं. थोडं चाललं की पाय जड होतात, मुंग्या येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की सुटल्यासारखं वाटतं: हे कण्यातली नळी अरुंद झाल्याचं लक्षण. आणि एक जागा नेहमी निसटते, ती म्हणजे कमरेखालचं त्रिकास्थी. ठिसूळ हाडाच्या माणसात तिथे बारीक तडा जातो, साध्या एक्स-रेत तो बहुधा दिसत नाही, आणि दुखणं कमरेच्या मणक्याच्या नावावर खपून जातं. एमआरआय मागताना हा भागही बघायला सांगा.

एमआरआयचा एक मोठा उपयोग म्हणजे मणका नुकता मोडलाय की जुना भरून आलाय हे त्यातून कळतं. ताज्या मोडीत हाडात सूज दिसते. सूज नसेल तर आजच्या वेदनेचा दोष त्या मणक्यावर टाकता येत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या: साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा गाद्या झिजलेल्या, बाहेर आलेल्या दिसतात. रिपोर्टातलं प्रत्येक वाक्य ऑपरेशनचं कारण नसतं. लक्षणं, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि फिल्म या तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तरच ऑपरेशनाने फरक पडण्याची आशा धरता येते.

हाडाचं मोजमाप, आणि त्यातली फसगत

डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे, ही मूळ तपासणी. तिच्यात टी-स्कोर येतो, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करणारा आकडा. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. हे इतकं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता.

पाठीच्या रुग्णांत कमरेच्या मणक्याचा स्कोर अनेकदा खोटा चांगला येतो. झिजेमुळे मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे वाढलेले असतात, सांधे जाडसर झालेले असतात, मणक्यांपुढून जाणाऱ्या महारोहिणीत चुना साठलेला असतो. यंत्र हे सगळं हाड म्हणूनच मोजतं. दबलेला मणकाही घट्ट भासतो, कारण तेवढंच हाड कमी जागेत गोळा झालेलं असतं. म्हणून ज्यांना मणक्याच्या ऑपरेशनचा विचार करायचाय, नेमका त्यांचाच मणक्याचा स्कोर सगळ्यात कमी भरवशाचा. खुब्याचा स्कोर बघा, आणि गरज पडली तर मनगटाजवळच्या हाडाचाही काढून घ्या.

दुसरा मार्ग बहुतेकांच्या फायलीत आधीच पडलेला असतो. पाठीचं किंवा पोटाचं सीटी स्कॅन झालं असेल तर त्यावरून मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता हाउन्सफील्ड या एककात मोजता येते. कमरेच्या पहिल्या मणक्यात हा आकडा ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता दाट, १६० च्या वर असेल तर कमी. त्यासाठी वेगळा किरणोत्सर्ग नको, वेगळी तपासणी नको. ‘माझ्या सीटीवर हा आकडा किती येतो?’ असं सर्जनना विचारायला संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही.

आणि किरकोळ कारणाने मणका किंवा खुबा मोडला असेल, तर टी-स्कोर काहीही म्हणो, तो ऑस्टिओपोरोसिसच समजायचा. ‘स्कोर उणे १.९ आहे, म्हणजे अजून तितकं नाही’ हा दिलासा अशा वेळी खोटा असतो.

मोजमापाबरोबर कारणही शोधावं लागतं. रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंडाचं काम, थायरॉइड, पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी), आणि मणका मोडला असेल तर मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर नाही ना हे बघणारी प्रथिनांची तपासणी. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन. दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असतील तर ते ठळकपणे सांगा. पॅराथायरॉइडची गाठ किंवा ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता तशीच ठेवून हाडाचं औषध सुरू करणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणं.

सुचवलेलं ऑपरेशन हाडावर किती विसंबून आहे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. ‘मणक्याचं ऑपरेशन’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात.

नस मोकळी करणाऱ्या ऑपरेशनात दाब टाकणारं थोडं हाड, जाड झालेला अस्थिबंध किंवा बाहेर आलेला गादीचा तुकडा काढतात. स्क्रू नाही, रॉड नाही. ठिसूळ हाडाचा यात अडथळा त्या मानाने कमी. दुखणं मुख्यतः पायाचं असेल आणि मणके जागचे हलत नसतील, तर आधी याच पर्यायाबद्दल विचारा.

फ्यूजनमध्ये स्क्रू आणि रॉड घालून दोन किंवा जास्त मणके एकमेकांशी जोडतात, म्हणजे ते हळूहळू एकसंध होतात. यात सगळी मदार हाडावर. भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकावा तसं होतं: ठोकताना बसतो, भार आला की हलायला लागतो. स्क्रू सैल होतात, मणक्यांमध्ये ठेवलेला पिंजरा हाडात रुततो, जोड धरतच नाही, किंवा स्क्रूंच्या रांगेच्या लगेच वरचा मणका मोडून पाठ पुढे झुकते. यातलं काहीही झालं तर दुसरं ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असतं.

म्हणून फ्यूजन सुचवलं असेल तर ‘जोडण्याची गरज नेमकी कशासाठी?’ हे स्पष्ट ऐकून घ्या. कण्याची नळी अरुंद झालेल्या रुग्णांवर स्वीडनमध्ये झालेल्या एका चाचणीत नुसती नस मोकळी करणं आणि सोबत फ्यूजनही करणं यांची तुलना केली होती. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले: दोन वर्षांनी फ्यूजनवाल्यांची स्थिती काही वेगळी चांगली नव्हती. मणका थोडा सरकलेल्या रुग्णांवरच्या नॉर्वेतल्या चाचणीतही २०२१ मध्ये नुसती मोकळीक कमी पडली नाही. याचा अर्थ फ्यूजन निरुपयोगी असा नाही. मणका वाकताना-उठताना खरोखर सरकत असेल, मोडलेलं हाड नसेवर येत असेल, बाक इतका असेल की समोर बघता येत नाही, तर जोडावंच लागतं. पण ठिसूळ हाडाच्या माणसाने त्याचं कारण फिल्मवर दाखवून घ्यावं. पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे यासाठीच असतात.

तिसरा प्रकार मोडलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याचा. नुसतं सिमेंट भरलं तर व्हर्टिब्रोप्लास्टी, आधी फुग्याने जागा करून भरलं तर कायफोप्लास्टी. याबद्दल डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत. २००९ मध्ये दोन चाचण्यांत व्हर्टिब्रोप्लास्टीची तुलना लुटुपुटीच्या, म्हणजे सिमेंट न भरता नुसता देखावा केलेल्या, प्रक्रियेशी केली, आणि वेदनेत फरक आढळला नाही. २०१६ च्या एका चाचणीत मात्र मोड सहा आठवड्यांच्या आतली आणि वेदना तीव्र असेल तर फायदा दिसला. मला यातून निघणारा व्यवहारी अर्थ असा वाटतो: बहुतेक मणक्यांच्या मोडीची वेदना सहा ते बारा आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून आधी वेदनाशामक, थोडी विश्रांती आणि लवकर हालचाल. वेदनेमुळे माणूस अंथरुणातून उठूच शकत नसेल, आणि एमआरआयमध्ये मोड ताजी दिसत असेल, तर सिमेंटचा विचार करा. जुन्या, भरून आलेल्या मणक्यात सिमेंट भरून घेऊ नका. सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका असतो, तोही विचारून घ्या.

आणि बाक सुधारण्याची मोठी ऑपरेशनं, ज्यात अनेक मणके जोडावे लागतात. इथे हाडाची पूर्वतयारी न करता पुढे जाऊ नये, एवढंच म्हणेन.

हाड तयार करण्याचे महिने

हाडाची औषधं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एक हाडाची झीज रोखणारी: आठवड्याला घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. दुसरी नवं हाड घडवणारी: टेरिपॅराटाइड, अबालोपॅराटाइड, आणि घडवणं-रोखणं दोन्ही करणारं रोमोसोझुमॅब.

स्क्रू बसवायचे असतील तर घडवणाऱ्या औषधांचं पारडं जड आहे. टेरिपॅराटाइड रोज त्वचेखाली घ्यावं लागतं आणि सहसा जास्तीत जास्त दोन वर्षं देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या जपानमधल्या अभ्यासांत हे औषध घेणाऱ्यांचे स्क्रू कमी सैल झाले आणि जोडही जास्त चांगली धरली. ऑपरेशनच्या आधी निदान दोन-तीन महिने, जमल्यास त्याहून जास्त, आणि नंतरही काही महिने ते चालू ठेवण्याकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल असतो. हाडाचा कॅन्सर किंवा हाडावर रेडिएशन झालेलं असेल, रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल तर ते चालत नाही; मुतखड्याचा त्रास असेल तर तोही सांगा. रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, एक वर्षभर. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असेल तर ते देत नाहीत.

इथे एक धोक्याची जागा आहे आणि ती ठळकपणे सांगितली जात नाही. डेनोसुमॅब चालू असेल तर ऑपरेशनच्या धावपळीत त्याचा डोस चुकवू नका. ते थांबलं की हाडाची झीज उसळून वाढते आणि एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात. शेवटच्या डोसाला सात महिने होण्याच्या आत पुढचा डोस किंवा त्याच्या जागी दुसरं झीज रोखणारं औषध मिळायलाच हवं. डेनोसुमॅबवरून थेट टेरिपॅराटाइडवर जाणंही हाडाला मानवत नाही. काही काळ घनता उलट घसरते. त्यामुळे औषध बदलायचं असेल तर ते हाडांचे तज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञ यांनीच ठरवावं.

दात किंवा हिरड्यांचं मोठं काम राहिलं असेल तर झीज रोखणारी औषधं सुरू होण्याआधी उरकून घ्या. क्वचित का होईना, या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास होतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही आधी भरून काढायचं, नाहीतर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबनंतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं.

बाकीची तयारी नेहमीची, पण टाळण्यासारखी नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रीला आहार आणि गोळी मिळून दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. त्याहून जास्त गोळ्या घेऊन हाड लवकर भरत नाही. तंबाखू, कोणत्याही रूपातली, ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद, आणि जोड धरेपर्यंत पुन्हा नाही. निकोटिनने जोड न धरण्याचा धोका वाढतो. साखर आटोक्यात. प्रथिनं पुरेशी, कारण अशक्त माणसाची जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात. पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सर्जनना सांगा. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्याभरात ते घेतल्याने संसर्गाचा धोका वाढतो.

सर्जनना काय विचारायचं

कागदावर लिहून न्या, आणि सोबत एकजण असू द्या. मी हे प्रश्न नेईन:

– ऑपरेशन न केल्यास पुढच्या वर्षभरात काय होईल?
– पाय दुखायचा थांबेल की पाठही? (नस मोकळी केल्यावर पायाचा त्रास जितका जातो तितकी पाठदुखी जात नाही.)
– हाडाची घनता कशावरून धरली आहे, आणि ती कमी आहे म्हणून ऑपरेशनात काय वेगळं करणार?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ठिसूळ हाडासाठी सर्जनांकडे खरोखर युक्त्या असतात: स्क्रूच्या छिद्रांतून सिमेंट सोडून पकड वाढवणं, जास्त जाड आणि लांब स्क्रू, जास्त मणक्यांवर भार वाटून देणं, स्क्रूसोबत पट्टा किंवा हूक वापरणं, आणि स्क्रूंची रांग कुठे संपवायची याची काळजीपूर्वक निवड. ‘त्याची काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. दुसरं मत घेतल्याने चांगले डॉक्टर दुखावत नाहीत.

ऑपरेशननंतर

पहिले काही महिने वाकणं, पिळणं आणि उचलणं बंद, पण चालणं पहिल्या दिवसांपासून. अंथरुणाला खिळून राहिल्याने हाड आणि स्नायू दोन्ही झपाट्याने घटतात. बेल्ट लावायचा की नाही हे सर्जन सांगतील. तो आयुष्यभराचा सोबती नाही. घरातल्या सुट्या चटया, ओलं न्हाणीघर, रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त ऑपरेशनला जाण्याआधीच करून ठेवा, कारण पहिली पडझड बहुधा घरातच होते. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या औषधांमुळे उठताना गरगरत असेल तर डोस तपासून घ्या.

जोड धरायला सहा महिने ते वर्ष लागतं. या काळात वेदना कमी होत आली असताना अचानक नव्याने पाठ दुखू लागली, विशेषतः स्क्रूंच्या वरच्या टोकापाशी, किंवा चालताना शरीर पुढे झुकू लागलं, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. उभं राहून एक्स-रे काढून घ्या.

हाडाचं औषध ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून संपत नाही. टेरिपॅराटाइड किंवा रोमोसोझुमॅबचा काळ पूर्ण झाला की लगेच झीज रोखणारं औषध सुरू व्हायला हवं, नाहीतर कमावलेली घनता एक-दोन वर्षांत निघून जाते. हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच्या कागदावर पुढचं औषध कोणतं, ते कधीपासून आणि कोणते डॉक्टर बघणार, या तीन गोष्टी लिहून मागा. जोडलेल्या मणक्यांच्या वरचे आणि खालचे मणके अजूनही त्याच ठिसूळ हाडाचे आहेत.